मायक्रोसिमेंटचा रंग आणि बांची वाट



दिवाळीनंतर आमच्या घरी जमिनीचे काम झाले हे कळल्यापासून फोन सुरू आहेत. शहाद्याहून, तळोद्याहून, दोन तर सुरतेहून. सगळ्यांचा प्रश्न एकच, "ते मायक्रोसिमेंट केलंत म्हणे, रंग कोणता घेतलात?" रंगाचे नाव सांगायला एक शब्द पुरतो, पण तेवढ्यावर कुणी ऑर्डर दिली तर मला झोप लागणार नाही. आमच्या हॉलला उत्तरेची खिडकी आहे, तुमच्या हॉलला कदाचित पश्चिमेची असेल. आमच्या घरात ८७ वर्षांच्या सासूबाई अनवाणी फिरतात, तुमच्या घरात दीड वर्षाचा नातू रांगत असेल. म्हणून सगळे सविस्तर लिहिते. जरा लांबेल, दुपारच्या वेळी निवांत वाचा.

आधी ही वस्तू काय आहे ते. सिमेंट, संगमरवराची किंवा गारगोटीची अगदी बारीक भुकटी, चिकटपणासाठी पॉलिमर आणि रंग, एवढेच यात असते. हे मिश्रण थापीने पातळ थरांत ओढतात. सगळे थर मिळून जाडी जेमतेम २ ते ३ मिलिमीटर. खाली प्रायमर, त्यावर काचेच्या धाग्याची जाळी, मग जाड दाण्याचे दोन हात, मग बारीक दाण्याचे दोन हात, प्रत्येक हातानंतर पॉलिशपेपर, आणि शेवटी पाणी आत जाऊ नये म्हणून सीलरचे दोन हात. सांधा कुठेही नाही. हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत एकच सलग जमीन.

हे ऐकल्यावर माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती आमच्या माहेरचा लाल कोबा. तुमच्यापैकी पन्नाशीच्या पुढच्या सगळ्यांना तो आठवेल. सिमेंटमध्ये तांबडा रंग कालवून गवंडी दिवसभर उकिडवा बसून घोटायचा, आणि मग वर्षानुवर्षे रोजच्या पुसण्याने आणि पायांनी त्याला चकाकी यायची. ज्या घरांची मुळे मारवाडात आहेत त्यांनी तिकडच्या हवेलीतल्या आराइशच्या भिंती पाहिल्या असतील. चुन्यात संगमरवराची पूड घालून, अकीकाच्या दगडाने घासून घासून आरशासारख्या केलेल्या. तेव्हा इंटिरियरवाले "एकदम नवीन फॉरेन टेक्निक" म्हणतात ते मी हसून सोडून देते. कल्पना जुनीच आहे, फक्त आता ती ३ मिलिमीटरमध्ये बसवली आहे आणि तीही जुन्या फरशीवर, फरशी न फोडता.

आमच्यासाठी हा "न फोडता" भागच निर्णायक ठरला. आमची फरशी १९८० च्या सुमाराची, करड्या ठिपक्यांची मोझॅक. काही ठिकाणी कोपरे उडालेले, सांध्यांतून मुंग्या. आमच्या ह्यांचे म्हणणे होते की सगळे खोदून मार्बल टाकू, घराची किंमत वाढेल. मी बी. कॉम. केले आहे, लग्नानंतर कुठे नोकरी केली नाही, पण वही घेऊन बसायची सवय गेलेली नाही. हॉल, पॅसेज, स्वयंपाकघर आणि बांची खोली मिळून ६४० चौरस फूट. फरशी आणि तिच्याखालचा माल धरून ३ इंच खोदले तर १६० घनफूट, म्हणजे दीड ब्रासहून जास्त राडारोडा. तो जिन्यावरून पाट्यांनी खाली न्यायचा. सागवानी दरवाजे काढायचे, आणि नवी पातळी वर आली तर खालून तासायचे. शिवाय त्या फरशीखाली मुंग्यांच्या किती वसाहती असतील कुणास ठाऊक. त्यांच्यावर हातोडा चालवायचा विचारच मला सहन होईना. हे मी बोलले तेव्हा हे गप्प झाले. हिशेबाने झाले की जीवदयेने, ते मी विचारले नाही.

एक मात्र आधीच सांगून ठेवते, कारण हे कुणी दुकानदार सांगत नाही. आपल्या भागातली काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. आमच्याकडे जो जुना गवंडी येतो तो एका वाक्यात सांगून गेला, "ताई, आठली जमीन हालस." घराच्या पायानेच हालचाल केली की वरची फरशी तडकते, आणि मायक्रोसिमेंट खालच्या तड्याला रोखू शकत नाही. जाळीमुळे केसासारखी भेग झाकली जाते, पण रुंदावत जाणारा तडा वर येणारच. म्हणून तुमच्या भिंतीला तिरकस भेग असेल आणि ती दरवर्षी वाढत असेल, तर रंगाचा पत्ता हातात घेण्याआधी पाया दाखवा. आम्ही पॅसेजमधल्या एका भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खुणा करून ठेवल्या आणि चौमासा जाऊ दिला. खुणांमधले अंतर बदलले नाही, तेव्हाच पुढे गेलो.

चौमासात काम काढायचे नव्हतेच. योगायोगाने या कामालाही तेच सोयीचे. खालची फरशी ओली असेल तर थर नीट धरत नाही, आणि मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे गेला की थापी फिरेपर्यंत माल आवळून येतो. कार्तिकी पौर्णिमा ते होळी हा आपल्याकडचा चांगला काळ.

आता रंग.

सूनबाईने पहिल्या दिवशी मोबाईलवर फोटो दाखवले. सगळे गडद राखाडी, जवळजवळ कोळशासारखे. त्यावर एक पांढरा सोफा, एक कुंडी, आणि माणूस कुणीच नाही. दिसायला छानच होते, मी नाही म्हणणार नाही. उघड्या सिमेंटचे सौंदर्य मला कळते. कॉलेजच्या सहलीत अहमदाबादला मिलमालक संघाची इमारत पाहिली होती, ल कॉर्बुझिएने १९५४ साली बांधलेली. नुसते काँक्रीट, पण साबरमतीचा वारा आत खेळता ठेवणारे. पण तिथे कुणाला पहाटे उठून दूध तापवायचे नसते, की पीठ चाळायचे नसते.

मी सूनबाईला एवढेच म्हटले, "आपण नमुने मागवू आणि आपल्याच घरात ठेवून बघू." ती लगेच तयार झाली. कारागिराकडून दीड बाय दीड फुटाच्या पाच पाट्या आणवल्या: कोळशी, मध्यम राखाडी, वाळूसारखा, फिकट बिस्किटी आणि पांढरा. पाट्या पूर्ण हव्यात, सीलरसकट. हे विसरू नका. सीलर बसला की रंग एक पायरी गडद होतो, आणि चकचकीत सीलर असेल तर दोन पायऱ्या. छापील पत्त्यावरचा रंग आणि जमिनीवरचा रंग यांचे नाते लग्नाच्या फोटोतल्या नवऱ्यासारखे असते. ओळख पटते, बस.

पाट्या जमिनीवर आडव्या ठेवल्या. भिंतीला टेकवून उभ्या ठेवल्या की प्रकाश वेगळा पडतो. आठ दिवस त्या तिथेच होत्या, आणि आम्ही त्यांच्यावरून चाललो. सकाळी सातला पाहिल्या, दुपारी बाराला पाहिल्या, आणि सगळ्यात महत्त्वाचे, संध्याकाळी साडेपाचला. आपल्या घरांत हीच वेळ धावपळीची. चौविहार असतो, सूर्यास्ताआधी सगळ्यांची पाने वाढून उरकायची, दिवा लावण्याइतका अंधार नाही आणि धड उजेडही नाही. हिवाळ्यात तर ही घाई अजून लवकर सुरू होते. त्या वेळी कोळशी पाटी नुसता खड्डा दिसायची. मध्यम राखाडी पावसाळी आभाळासारखी उदास. रात्री बल्ब बदलून पाहिले. पिवळसर म्हणजे ३००० केल्विनच्या बल्बखाली बिस्किटी रंग उबदार दिसला, ६५०० च्या पांढऱ्या ट्यूबखाली तोच रंग जरा हिरवट वाटला. तेव्हा रंग ठरवताना बल्ब कोणते ठेवणार तेही ठरवा, नाहीतर नंतर दोष रंगाला जातो.

मग आमची मुंगीची परीक्षा. याला कारागीर हसला, पण तुम्ही हसणार नाही हे मला माहीत आहे. पाट्यांजवळ मुद्दाम काही ठेवले नाही, मुंग्यांचे येणे-जाणे होतेच. कोळशी पाटीवर काळी मुंगी दिसतच नाही. मध्यम राखाडीवर वाकून पाहावे लागते. वाळूसारख्या रंगावर काळी दिसते, पण बारीक लाल मुंगी हरवते. बिस्किटी आणि पांढऱ्यावर दोन्ही स्पष्ट. जयणा पाळायची तर आधी जीव दिसायला हवा. पुंजणी फिरवताना नजर कामी आली पाहिजे. शिवाय साध्वीजी म. सा. गोचरीसाठी येतात, त्या तर पावलागणिक जमीन पाहून चालतात. त्यांच्यापुढे कोळशासारखी जमीन अंथरणे मला बरे दिसेना.

मग पांढराच का नाही? मिरचीचे दिवस आठवा. नंदुरबारच्या आजूबाजूला पथाऱ्या लाल झाल्या की आपल्या घरातही वर्षाचे तिखट होते, आणि ती बारीक लाल पूड कुठे कुठे बसते ते सांगायला नको. दुसरे, पांढऱ्या जमिनीवर खिडकीचा उजेड पडला की डोळ्यांवर तिरीप येते. बांना ती सहन होत नाही. त्यांचे दोन्ही मोतीबिंदू काढले आहेत, पण काचबिंदूने डाव्या बाजूचे दिसणे बरेचसे गेले आहे. म्हणून फिकट बिस्किटी ठरला. सूनबाईचा चेहरा थोडा उतरला, पण मुंगीच्या परीक्षेला तिच्याकडेही उत्तर नव्हते.

रंगापेक्षा फिनिश जास्त महत्त्वाचे आहे, आणि त्याबद्दल फोनवर एकीनेही विचारले नाही. मॅट, सॅटिन आणि ग्लॉस असे तीन प्रकार. ग्लॉस दिसायला श्रीमंत, पण ओरखडा लगेच दिसतो आणि ओला झाला की धोक्याचा. अगदी सपाट मॅटवर तेलकट हाताचे, पायाचे ठसे राहतात आणि पुसायला मेहनत लागते. सॅटिन मधला मार्ग. आमच्याकडे आलेल्या एका विक्रेत्याने ग्लॉसचा खूप आग्रह केला, "सगळे हेच घेतात, मॅडम." मी त्यांना विचारले, ओल्या पायांसाठी याची परीक्षा झाली आहे का? ते म्हणाले, आर-१० आहे, निश्चिंत राहा.

इथे जरा थांबा, ही माहिती उपयोगी आहे. जर्मनीत घसरण मोजायच्या दोन पद्धती आहेत. दोन्हींत माणसाला तिरप्या फळीवर चालवतात आणि फळी हळूहळू उचलतात. आर-९, आर-१०, आर-११ हे आकडे बूट घालून, तेल सांडलेल्या फळीवर चालण्याचे. म्हणजे कारखान्यासाठी. अनवाणी पायांची परीक्षा वेगळी, साबणाच्या पाण्याची, आणि तिचे गुण ए, बी, सी असे. ए म्हणजे किमान १२ अंशांचा चढ, बी म्हणजे १८, सी म्हणजे २४. आपण घरात चपला घालत नाही. मग आपल्याला बुटांचा आकडा काय कामाचा? अनवाणीचा गुण विचारा. विक्रेत्यांना तो सांगता आला नाही. मग मी सॅटिनच्या पाटीवर साबणाचे पाणी ओतले, भिंत धरून उभी राहिले आणि पाय सरकवून पाहिला. ग्लॉसवरही तसेच केले. फरक पायाला कळतो, त्यासाठी जर्मनीला जावे लागत नाही. (हे एकटीने करू नका. कुणीतरी जवळ हवे.)

आणखी एक गोष्ट आपल्यासाठी. आत काय काय आहे ते विचारा. तमिळनाडूतल्या चेट्टिनाड भागात भिंतींचा गिलावा अंड्यासारखा गुळगुळीत असतो, आणि त्यात खरोखरच अंड्याचा पांढरा भाग घालतात. मायक्रोसिमेंटमध्ये तसे काही नसते, पण वरून चमक आणायला जे मेण देतात ते मधमाशीचे असू शकते. आम्ही मेण घेतलेच नाही, पाण्यात मिसळणारे पॉलियुरेथेन सीलर घेतले. तुम्हाला मेणच हवे असेल तर कार्नोबाचे मिळते, ते ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांचे असते.

इतके सगळे ठरले, आगाऊ रक्कम द्यायची वेळ आली, आणि मग खरा प्रश्न उभा राहिला.

मी कारागिराला सांगितले होते की पॅसेजच्या एका तुकड्यावर, तीन बाय तीन फुटांत, आधी करून दाखव. त्याने तो तुकडा केला, छान झाला. तीन दिवसांनी त्यावर चालायला परवानगी मिळाली. चौथ्या दिवशी पहाटे बा सामायिकाला निघाल्या आणि त्या तुकड्यावर येऊन थांबल्या. भिंत चाचपू लागल्या. मी धावत गेले. त्या म्हणाल्या, "इथं काय केलंयस? मी कुठं आहे ते कळेना मला."

त्या दिवशी कळले की बा गेली काही वर्षे डोळ्यांनी चालतच नव्हत्या. त्या पायांनी चालत होत्या. पलंगापासून दारापर्यंत चार सांधे, दारापासून वळणापर्यंत अकरा, वळणावर कोपरा उडालेली फरशी, तिथून उजवीकडे सहा सांधे की त्यांचे कटासणे. चाळीस वर्षे त्या फरशीवर वावरलेल्या बाईच्या तळव्यांत घराचा नकाशा होता. त्या स्वतःच्या पायांनी सामायिकाला जातात, पाणी घ्यायला जातात, कुणाला हाक मारत नाहीत. या वयात माणसाजवळ दुसरे काय असते? आणि आम्ही पैसे मोजून काय घेणार होतो, तर एकही सांधा नसलेली जमीन. ज्या गुणासाठी सगळे तिची वाखाणणी करतात, तोच गुण बांचे फिरणे बंद करणार होता.

हे म्हणाले, सोडून दे, आहे तेच राहू दे. मलाही तसेच वाटत होते. पण उडालेल्या कोपऱ्यांना ठेच लागून त्याच पॅसेजमध्ये बांचा तोल दोनदा गेला होता, हेही खरे होते. आठवडाभर घरात कुणी जमिनीचा विषय काढला नाही.

सूनबाई पुण्याला रेल्वेने जाते-येते. तिनेच एक दिवस पोळ्या लाटताना म्हटले, "मम्मी, प्लॅटफॉर्मवर ती पिवळी खरखरीत पट्टी असते ना, तशी आपण केली तर?" त्या पट्टीचा शोध जपानमध्ये सेइची मियाके यांनी १९६५ साली लावला आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात ती पहिल्यांदा रस्त्यावर बसवली गेली. अंध माणसाला पायाने वाट कळावी म्हणून. आपण रोज तिच्यावरून बॅगा ओढत जातो आणि ती कशासाठी आहे हे लक्षातही येत नाही.

कारागिराला सांगितले तर तो तयार होईना. "सलग कामात पट्टी? डाग दिसेल, माझं नाव खराब होईल." मी म्हटले, बाबा, नाव तुझे, पण पाय आमच्या बांचे. मग त्यानेच एक उपाय सांगितला. जाड दाण्याचा खालचा हात असतो ना, पट्टीच्या जागी तोच उघडा ठेवायचा, त्यावर बारीक हात मारायचाच नाही, फक्त सीलर. म्हणजे वेगळे काही चिकटवायचे नाही, आणि ठेच लागेल असा उंचवटाही नाही. दाण्याचा खरखरीतपणा किती ठेवायचा यासाठी त्याने चार लहान पाट्या करून आणल्या. बा खुर्चीवर बसल्या, आम्ही पाट्या एकेक करून त्यांच्या पायाखाली सरकवल्या. पहिली त्यांना कळलीच नाही. चौथी टोचली. तिसरीवर त्या म्हणाल्या, "ही कळते, आणि लागत नाही." ते माप नक्की झाले.

पट्टीचा रंग? इथे सूनबाईचा कोळशी कामी आला. इंग्लंडमध्ये इमारती सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून जे मानक आहे, त्यात कमी दिसणाऱ्यांसाठी जमीन आणि भिंत यांच्या रंगांत ३० अंकांचा फरक असावा असे सुचवले आहे. हे अंक म्हणजे रंग किती प्रकाश परत फेकतो त्याचे माप, काळा शून्याजवळ आणि पांढरा शंभराजवळ. रंगाच्या कंपन्यांच्या पत्त्यावर एलआरव्ही म्हणून तो आकडा दिलेला असतो. बिस्किटी आणि कोळशी यांत फरक भरपूर. बांना सरळ समोरचे जेवढे दिसते, तेवढ्यात ती काळी रेघ त्यांना दिसते. बिस्किटी जमिनीवर मुंगी दिसते, चार इंचांच्या काळ्या पट्टीवर दिसत नाही, हे खरे आहे. ती पट्टी आम्ही सकाळ-संध्याकाळ पुंजून घेतो. भिंतीच्या कडेला स्कर्टिंगही कोळशीच केले, म्हणजे जमीन कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते ते कळते.

वळण कसे कळणार हा प्रश्न उरला होता. तिथे आणि प्रत्येक उंबऱ्यापाशी तीन आडव्या खरखरीत रेघा घेतल्या, बोटभर रुंद. बा आता सांधे मोजत नाहीत. पट्टी धरून चालतात, तीन रेघा लागल्या की वळतात. पहिले चार-पाच दिवस मी मागे मागे चालत होते. मग त्यांनीच सांगितले, "तू मागं असलीस की मला तुझ्याच पावलांचा आवाज येतो. जा तू." तेव्हापासून मी स्वयंपाकघरातूनच कान देते.

त्यांना नवी जमीन आवडते असे मात्र नाही. जुनी बरी होती, ही थंड लागते, असे त्या आल्यागेल्याला सांगतात. मी काही बोलत नाही.

आता हिशेब. आम्हाला दोन ठिकाणचे भाव मिळाले होते, चौरस फुटाला २२० आणि ३४०, वर १८ टक्के जीएसटी. स्वस्तात काय कमी आहे ते विचारले तेव्हा कळले की जाळी नव्हती आणि सीलरचा एकच हात होता. म्हणून भाव विचारताना थरांची यादी लिहून मागा आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवा. काम चालले होते तेव्हा मी रोज वहीत लिहायचे, आज कोणता हात झाला. एकाच रंगाच्या दोन बादल्यांत किंचित फरक येतो, म्हणून सगळ्या जागेचा रंग एकदाच कालवून घ्यायला सांगा. आणि थापीचे ढगाळ पट्टे दिसणारच, ते हाताचे काम आहे. ज्यांना सगळीकडे एकसारखे पाहिजे त्यांनी टाइल्स घ्याव्यात, उगाच कारागिराशी वाद नको.

काम पूर्ण झाल्यावर दोन दिवसांनी अनवाणी चाललो, जड कपाटे मात्र पंधरा दिवसांनी ठेवली. सिमेंट पुरते मुरायला महिना लागतो. खुर्च्यांच्या पायांना नमद्याच्या टिकल्या लावल्या. पुसायला साधा सौम्य साबण. अॅसिड, लिंबू, व्हिनेगर यांचे सिमेंटशी जन्मजात वैर, त्यामुळे संडास-बाथरूम धुवायचे द्रव चुकूनही इकडे येऊ देऊ नका. न्हाणीघर आम्ही जुन्या खडबडीत टाइल्सचेच ठेवले. तिथे रोजचे गरम पाणी आणि तेल, त्यात नवे प्रयोग नकोत असे मला वाटले. वरण सांडले तर लगेच पुसा. हळदीचा पिवळेपणा थोडा राहिला तरी घाबरू नका, ऊन येत असेल तर तो आपोआप विरतो. मी नमुन्याच्या पाटीवर मुद्दाम हळद लावून रात्रभर ठेवली होती, चार दिवस गच्चीवर ठेवल्यावर डाग गेला. जिथे ऊन पोचत नाही तिथे मात्र तो बराच काळ रेंगाळेल. खरखरीत पट्टीत धूळ बसते, ती दर रविवारी मऊ ब्रशने काढावी लागते. ते काम ह्यांनी स्वतःकडे घेतले आहे, मार्बलवाल्यांनी.

नमुन्याच्या पाचही पाट्या आणि खरखरीत पट्टीच्या चार लहान पाट्या मी टाकल्या नाहीत, गच्चीच्या खोलीत ठेवल्या आहेत. ज्यांना हव्या असतील त्यांनी आठ दिवसांसाठी घेऊन जा, आपल्या घरात ठेवून बघा, आणि चौथ्या पाटीचा कोपरा फुटका आहे तो आधीच फुटलेला होता हे लक्षात असू द्या. शहाद्याच्या ताई मंगळवारी नेणार आहेत, त्यानंतर कुणीही चालेल.